पटावरचं एक नाव

दर्यापूरच्या एसटी स्टँडवर अब्बा मला सोडायला आले तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. मूर्तिजापूरपर्यंत एसटी आणि तिथून पुण्याची रेल्वे, असा बेत होता. अम्मी घराच्या दारातूनच मागे फिरली होती, कारण तिला रडताना कुणी पाहिलेलं चालत नसे. "पहुँचतेच फोन कर," एवढंच म्हणाली आणि आत गेली. अब्बांच्या एका हातात माझी सुटकेस होती, दुसऱ्या हातात तिखट पुऱ्यांचा डबा. रविवार होता, तरी त्यांनी शाळेचा पांढरा शर्ट घातला होता.

बसचा कंडक्टर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. यात नवल काही नव्हतं. दर्यापुरात कंडक्टर, पोस्टमन, तहसीलमधला शिपाई, असे सगळेच कधी ना कधी अब्बांच्या वर्गात बाकावर उभे राहिलेले असायचे. "सर, तुमी चिंता नका करू, ताईले मी सोता गाडीत बसवून देतो," तो म्हणाला. अब्बांनी मान हलवली, खिडकीपाशी आले आणि मला म्हणाले, "पुण्यात मले-तुले करू नकोस. लोक हसतात. नीट बोललीस तर कुणी तुझं आडनाव विचारणार नाही."

बावीस वर्षांच्या लेकीला निरोप देताना बाप सांभाळून राहा म्हणतो, वेळेवर जेव म्हणतो. माझ्या बापानं मला विभक्ती प्रत्यय बजावला. बस हलली तेव्हा मला हसू आलं होतं, आणि वडनेर फाटा मागे गेल्यावर त्याच वाक्यानं रडू आलं.

हे सगळं आज लिहायचं कारण तुम्हाला माहीत आहे. परवा आपल्या दहावीच्या ग्रुपवर कुणीतरी शाळेच्या दाराला लागलेल्या कुलपाचा फोटो टाकला. जे दर्यापुरातच राहिलात त्यांनी आणि जे माझ्यासारखे पुणे, नागपूर, दुबईत पसरलात त्यांनीही खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. मीही एक लावला. तो लावायचा हक्क मला नव्हता. का नव्हता, ते सांगते. ऐकून घ्या, मग ग्रुपमधून काढायचं तर काढा.

तुम्ही अब्बांना पठाण सर म्हणून ओळखता. मराठीचे पठाण सर. तुम्हाला ते सरळ वाटायचं, कारण तुम्ही पाचवीपासून त्यांना पाहत होता. पण नव्या माणसाला त्या दोन शब्दांची जोडी पचायला वेळ लागायचा. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "वा, तुम्ही इतकं शुद्ध मराठी बोलता!" अब्बा हसून आभार मानायचे. घरी आल्यावर चप्पल जरा जोरात काढायचे, एवढंच. आणि मोहल्ल्यात उलटा प्रकार. तिथं लोक म्हणायचे, "मास्टर, अपनी जबान छोड के तुम किधर चले?" अकोल्याची माझी खाला, अम्मीची बहीण, तर तोंडावर म्हणायची, "भाईजान, लडकी को उर्दू स्कूल में डालते तो क्या बिगडता?" तिची मुलं अकोल्यात उर्दू शाळेत होती. अब्बा तिला एकच उत्तर द्यायचे: "राज्याची भाषा आली की माणसाला कुठल्याही दारात मान खाली घालावी लागत नाही." हे ते खालाला मराठीत सांगायचे. तिला ते अर्धंच कळायचं, पण ती गप्प बसायची.

आमच्या घरात तीन भाषा नांदायच्या आणि तिघींचं आपसात फारसं पटायचं नाही. अम्मीची वऱ्हाडी मुसलमानांची हिंदी-उर्दू, गल्लीतली रांगडी वऱ्हाडी, आणि अब्बांचं पुस्तकी मराठी. मी बालवाडीत गेले त्या दिवसापासून अब्बा माझ्याशी फक्त मराठीत बोलले. अम्मीशी हिंदीत, भाजीवाल्याशी वऱ्हाडीत आणि माझ्याशी मात्र धड्यातल्यासारखं. "नसीम, तुझा गृहपाठ झाला का?" अम्मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाप-बेटी की क्या खुसुरफुसुर चालू है?" तिला वाटायचं, आम्ही तिची चहाडी करतोय. कधीकधी करतही असू.

आता पटाबद्दल सांगते. तुमच्यापैकी जे बाहेर आहात त्यांच्या मुलांना पट हा शब्द बुद्धिबळाचा वाटेल. आपल्याकडे पट म्हणजे वर्गातल्या मुलांची संख्या. पट टिकला तर तुकडी टिकते आणि तुकडी टिकली तर शिक्षकाची जागा. जागा गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त शिक्षकाला सरकार उचलून दुसऱ्या तालुक्यात नेऊन ठेवतं. म्हणून मे महिना आला की आपले सर-मॅडम पोरं शोधायला निघायचे. तुम्ही आमरस खाऊन झोपलेले असायचा, तेव्हा ते गावोगाव हिंडत असायचे. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, हातात वही. चौथी पास झालेलं पोर कुणाच्या घरात आहे ते शोधायचं, आईबापांना पटवायचं आणि त्याची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, ताब्यात घ्यायची. टीसी हातात आली की पोर आपलं. प्रत्येक शिक्षकाला ठरवून दिलेलं असायचं, पाचवीला इतकी पोरं तू आणायची. कुणी सायकल कबूल करायचं, कुणी दप्तर. दोन शाळांचे शिक्षक एकाच घरात समोरासमोर आले तर चहा एकत्र प्यायचे आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना शिव्या द्यायचे.

अब्बांकडे सायकल नव्हती, दप्तर नव्हतं. त्यांच्याकडे मी होते. सहावी-सातवीत असल्यापासून ते मला बरोबर न्यायचे. एखाद्या ओट्यावर बसून माझ्या हातात वर्तमानपत्र द्यायचे आणि म्हणायचे, "वाच." मी घडाघडा वाचायचे. मग ते त्या बापाला म्हणायचे, "ही माझी मुलगी. मी तिला दुसरीकडं टाकली नाही." दुकानदार कापडाचा ताका उलगडून दाखवतो तशी मी उलगडली जायचे. तेव्हा मला त्यात मोठा मान वाटायचा. आपल्या शाळेतल्या बाकी शिक्षकांची मुलं त्या काळातच अमरावतीच्या किंवा दर्यापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये जायला लागली होती. कुणी विचारलं की ते विषय बदलायचे. अब्बांना विषय बदलावा लागत नसे. सगळ्या स्टाफमध्ये फक्त त्यांचं बोलणं स्वच्छ होतं, कारण मी आपल्याच शाळेच्या बाकावर बसलेली होते.

दहावीला मी केंद्रात पहिली आले तेव्हा अब्बा आठवडाभर पेढे वाटत होते. तिथपर्यंत त्यांचं गणित बरोबर होतं. पुढं अमरावतीला इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला गेले आणि पहिल्याच तासाला ते चुकलं.

अमरावतीच्या त्या वर्गात मी पहिले दोन महिने मुकी होते. त्वरण मला येत होतं, पण अॅक्सिलरेशन म्हणजे त्वरणच, हे कळायला मला शेजारच्या मुलीची वही चोरून पाहावी लागली. जे मला येत होतं तेही येत नाही असं वाटायला लागलं. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय गेले. रूमवर मी आरशासमोर उभी राहून 'मायसेल्फ नसीम पठाण' पाठ करायचे. फोनवर अब्बा विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायचे, "उत्तम." तेव्हापासून मी त्यांच्याशी शुद्ध मराठीत खोटं बोलायला शिकले.

पुण्यात आल्यावर तर मजाच झाली. पहिल्या महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्या तोंडून "मी येऊन राहिली" निघालं आणि टेबलावरच्या दोघी मैत्रिणी इतक्या हसल्या की एकीच्या नाकातून चहा आला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नंतर कितीतरी दिवस त्या मला प्रेमानं 'येऊन राहिली' म्हणत. मी वऱ्हाडी टाकली. मग मीटिंगांत इंग्रजी आली आणि मराठीही हळूहळू गुंडाळून ठेवली. इम्रानशी लग्न झालं. तो हैदराबादचा, त्याला मराठी येत नाही. घरात हिंदी-इंग्रजीची मिसळ सुरू झाली. आता मराठी मी फक्त रिक्षावाल्याशी भांडताना बोलते, आणि ठेच लागल्यावर.

अयान झाला आणि अडीच वर्षांचा झाल्यावर शाळेचा प्रश्न आला. खरं सांगायचं तर प्रश्न आलाच नाही. आमच्या सोसायटीतल्या एकाही घरात तो आला नव्हता. इंग्लिश शाळेचा फॉर्म भरताना मला अमरावतीचा तो आरसा आठवला, आणि मी पोटच्या पोराला त्यासमोर उभं करणार नव्हते. अब्बांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शाळा जवळ आहे ना? मग बरं." बस. मी युक्तिवादांची फौज तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

अयान आता नऊ वर्षांचा आहे. त्याला मराठी हा एक विषय आहे आणि त्याला तो आवडत नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षांच्या आसपास पोरांना मराठी शिकवलं, त्याच्या नातवाला मी मराठीची शिकवणी लावली आहे. सुटीत दर्यापूरला गेलो की अब्बा त्याला समोर बसवतात. हिंदी दोघांनाही येते, पण शाळेचं ते त्याच्या शाळेच्याच भाषेत विचारतात, आणि त्यांच्याकडे त्यासाठी वीस-पंचवीस इंग्रजी शब्द आहेत. "गुड बॉय. हाऊ इज स्कूल? ईट मँगो." एवढं झालं की दोघंही संपतात. मग अयान मोबाइल घेतो आणि अब्बा पेपर. ज्यांच्या तासाला घंटा झाली तरी तुम्ही उठत नव्हता, तेच हे पठाण सर.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्याकडे येते. अब्बा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पण आपल्या शाळेचा पाचवीचा पट पार खाली गेला होता, आणि त्याचं कारण बाहेरचं कुणी नव्हतं. आपल्याच संस्थेनं मैदानाच्या पलीकडच्या बाजूला इंग्लिश स्कूल काढलं होतं. त्यांची पिवळी व्हॅन गावोगाव फिरत होती. म्हणजे एका संस्थेचे शिक्षक त्याच संस्थेच्या व्हॅनमागे धावत होते. नव्या शिक्षकांनी अब्बांना गळ घातली, की सर, लोक तुमचं ऐकतात, तुम्ही चला. अब्बांना यात मिळण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ते निघाले. आणि मला फोन आला. "तू सुटीला येतेच आहेस. दोन दिवस माझ्याबरोबर हिंड. तुला काही बोलायचं नाही. नुसती उभी राहा."

मला नाही म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, अयानच्या शाळेबद्दल ते काही बोलले नाहीत, तर एवढं तरी करावं. अयानला अम्मीजवळ ठेवलं आणि मी अब्बांबरोबर निघाले.

पहिला दिवस फुकट गेला. लोक पाणी देत, पंख्याखाली बसवत, जुन्या आठवणी काढत आणि टीसीचं नाव काढलं की म्हणत, "सर, तुमचं सारं खरं हाय, पन जमाना बदलला." दुसऱ्या दिवशी आम्ही दर्यापूरपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका गावात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं वंदनाबाई म्हणून एक बाई शिलाई मशीन चालवते. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यांची एकुलती मुलगी पायल चौथी पास झाली होती. गावातल्या चौथीच्या बाकी पोरी इंग्लिश स्कूलच्या व्हॅननं जाणार होत्या. वंदनाबाईनंही तिथला फॉर्म आणून ठेवला होता. तो मशीनवरच कात्रीखाली दाबून ठेवलेला मला दिसत होता.

अब्बा बोलले. काय सुंदर बोलले! आपल्या भाषेत शिकलेलं पोराच्या अंगी कसं मुरतं, घोकंपट्टी आणि समजणं यात काय फरक असतो, हे त्यांनी भाकरीच्या आणि पिठाच्या साध्या गोष्टींतून सांगितलं. पायल दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मोठ्या डोळ्यांची, धीट पोरगी. अब्बांनी तिला एक उतारा वाचायला दिला, तिनं न अडखळता वाचला. अब्बांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं पाहत होते.

वंदनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती अब्बांशी नाही, माझ्याशी बोलली.

"ताई, तुमी पुन्याले रायता ना?"

"हो."

"तुमचं लेकरू कोन्त्या शायेत हाय?"

तिनं काही खवचटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिकलेल्या, शहरातल्या बाईनं स्वतःच्या पोराचं काय केलं, हे तिच्या दृष्टीनं अब्बांच्या साऱ्या भाषणापेक्षा महत्त्वाचं होतं. आणि तिचं बरोबर होतं. मी अब्बांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. त्यांनी मान खाली घातलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"मराठी शाळेत," मी म्हणाले. "पुण्यातसुद्धा चांगल्या मराठी शाळा आहेत. आम्ही मुद्दाम तिथं घातला."

मुद्दाम हा शब्द मी का जोडला, ते मला आजही कळत नाही. खोटं बोलताना माणूस जरा जास्तच सजवतो.

वंदनाबाई उठली. "तुमी टाकलं तं मंग आमाले काय भ्याचं हाय," म्हणाली आणि आतून पेटी उघडून टीसी आणली. अब्बांच्या हातात न देता माझ्या हातात दिली. "तुमचा नंबर देऊन ठेवा ताई, काही इचाराचं झालं तं." मी नंबर दिला. पायल म्हणाली, "मी पयल्या बाकावर बसीन." आम्ही सगळे हसलो. अब्बाही हसले, पण उशिरा.

परतताना स्कूटर तेच चालवत होते. रस्त्यात रसवंतीवर थांबलो. त्यांनी वही काढली, पेन काढलं, आणि वही माझ्यापुढं केली. "तिचं नाव तू लिही," म्हणाले. मी लिहिलं. पायलचं, बापाचं, आडनाव, गाव. त्यांनी ते वाचलं, वही मिटली आणि रसाचे पैसे देऊन आले. ते रागावले असते, तर मी माझी बाजू मांडली असती. म्हणाले असते, की हे खोटं मी तुमच्यासाठी बोलले. पण त्यांनी तेवढी सवलतही दिली नाही. मला वाटतं, त्यांना राग माझा नव्हताच. त्या ओट्यावर ते गप्प राहिले होते. एक वाक्य बोलून मला खोडून काढणं त्यांच्या हातात होतं. त्यांना ती मुलगी हवी होती. चाळीस वर्षांत त्यांनी असं कुणाचं पोर घेतलं नव्हतं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. हवी होती त्यापेक्षा तीन पोरं कमीच भरली. तरी वर्ग सुरू झाला, कारण सगळ्यांना वाटत होतं की कुठून तरी येतील. कुठून येणार? पायल पहिल्या बाकावर बसायची, असं अब्बांनी फोनवर एकदा सांगितलं. पोळ्यानंतर पाचवीची तुकडी बंद झाली. वर्गाच्या शिक्षिकेला चांदूर रेल्वेकडच्या शाळेत पाठवलं. पोरांच्या हातात पुन्हा टीसी दिल्या आणि सांगितलं, गावातल्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जा. दर्यापुरातली पोरं गेली. पायलच्या गावाची एसटी आपल्या शाळेपाशी सोडायची, तिकडं जायला सोय नव्हती. तिच्या गावातून आम्ही एवढीच एक पोरगी आणली होती ना. बाकी सगळ्या व्हॅनमध्ये होत्या.

वंदनाबाई तिला घेऊन इंग्लिश स्कूलमध्ये गेली. तिथल्या मॅडमनी पायलला इंग्रजी उतारा वाचायला दिला. जी पोरगी आमच्यासमोर न अडखळता वाचत होती, ती तिथं पहिल्या ओळीवर थांबली. मॅडम म्हणाल्या, तिसरीत बसवा, मग पाहू. दहा वर्षांची पोरगी आठ वर्षांच्या पोरांत बसायला तयार होईना. दोन दिवस गेली आणि तिसऱ्या दिवशी व्हॅन आल्यावर संडासात लपून बसली. त्यानंतर व्हॅन तिच्या दारात थांबलीच नाही.

हे मला अब्बांनी सांगितलं नाही. त्या पाचवीच्या शिक्षिकेनं सांगितलं, मी स्वतः फोन केला तेव्हा. अब्बांचं तिनं सांगितलं ते असं, की ते आठवड्यातून दोनदा पायलला घरी येऊन शिकवतो म्हणून पुस्तकं घेऊन गेले होते. वंदनाबाईनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. पोरीला आतच बसवून ठेवलं. म्हणाली, "सर, तुमचा मान हाय. पन आता रायू द्या." अब्बा चहा पिऊन परत आले. पुस्तकं स्कूटरच्या डिकीत तशीच होती.

त्यानंतर आमच्या घरात एक बदल झाला. तो कुणी जाहीर केला नाही. अब्बांचा रविवारचा फोन आला आणि ते म्हणाले, "कैसी है बेटा? अयान ठीक है?" मला वाटलं, जवळ कुणी पाहुणे असतील. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी मराठीत उत्तर देते, ते हिंदीत विचारतात. बालवाडीपासून ज्या माणसानं माझ्याशी दुसऱ्या भाषेत एक वाक्य काढलं नव्हतं, तो आता अम्मीशी बोलतो तसा माझ्याशी बोलतो. अम्मीला त्यात आनंदच आहे, तिला आता आमचं सगळं कळतं. मी विचारणार होते, अब्बा, काहून? पण उत्तर मला माहीत आहे, आणि त्यांना ते बोलायला लावण्याचा माझा धीर होत नाही.

तुम्ही म्हणाल, यात तुझ्या एकटीचं काय चुकलं? तुकडी सरकारनं बंद केली, संस्थेनं दुकान मांडलं, जमानाच तसा आहे. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे, तिन्ही भाषांत. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण वंदनाबाईनं सरकारला विचारलं नव्हतं. तिनं मला विचारलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. दुपारची वेळ, मी ऑफिसमध्ये होते. नंबर ओळखीचा नव्हता. मागं शिलाई मशीनचा आवाज येत होता, म्हणजे ती काम करता करताच बोलत होती.

"ताई, मी वंदना. पायलची माय. ओयखलं का?"

"ओळखलं ना. बोला."

"काही नाही, एक इचाराचं होतं. तुमच्या पोराच्या शायेत हॉस्टेल असते का? तिचा बाप म्हनते, पोरीले पुन्याले धाडू. तुमी हायच तेथी. त्या शायेचं नाव सांगून ठेवा ना. आपल्या मराठीचीच हाय म्हनता, तं तिले जमून जाईन."

मी काचेच्या केबिनमध्ये जाऊन दार लावलं. अजून एक खोटं बोलता आलं असतं. हॉस्टेल नाही म्हटलं असतं, जागा भरल्या म्हटलं असतं, तर ती तेही खरं मानून गेली असती. पठाण सरांची पोरगी सांगते म्हणजे असेल. तोंडाशी आलंही होतं.

"वंदनाताई, मी तेव्हा खोटं बोलले," मी म्हणाले. "माझा मुलगा इंग्लिश शाळेत आहे. पहिल्यापासून."

मशीन थांबलं. मला वाटलं फोन कट झाला.

"मंग तवाच सांगाचं होतं ना, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. "तुमी तुमच्या लेकराचं पायलं. मीबी माह्या लेकराचं पायलं असतं."

मी काहीतरी बोलले. पायलची फी मी भरते, पुण्यात खरंच एखादी शाळा शोधते, असं काहीबाही. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. "बरं, ठेवतो," म्हणाली. मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. त्यानंतर मी चारदा फोन केला. तिनं उचलला नाही. पायलसाठी मी पाठवलेलं पार्सल पत्त्यावर कुणी घेतलं नाही म्हणून परत आलं.

पुण्यात मला सोळा वर्षं झाली. इथं घर आहे, नावावर आहे, शेजारी चांगले आहेत. पण इथं मी काही म्हटलं की लोक आधी गूगलवर बघतात. तुमचंही तसंच असेल, नागपुरात काय नि दुबईत काय. बाहेर पडलेल्या माणसाच्या शब्दामागं कुणी उभं नसतं. दर्यापूरच्या आसपास दहा-बारा गावं अशी होती, की तिथल्या ओट्यावर बसून मी काही म्हटलं तर ते अब्बांच्या नावावर खरं धरलं जायचं. घर म्हणजे तेच, हे मला आता समजतं. गल्ली, नदी, शाळा यांची आठवण आपण उगाच काढत बसतो. ते सगळं दुसरीकडंही मिळतं. न तपासता आपलं ऐकणारी माणसं दुसरीकडं मिळत नाहीत. आपल्या बापानं आयुष्यभर पायपीट करून कमावलेली ती जागा मी एका दुपारी, एका वाक्यात वापरून टाकली.

या उन्हाळ्यात मी गेले नाही. अम्मीला अयानच्या कॅम्पचं कारण सांगितलं. तुमच्यापैकी जे तिथं आहात त्यांना एक विनंती आहे. शाळेचं कुलूप पाहून गहिवरून आलं, तर त्या दारात सेल्फी काढा, काही म्हणणं नाही. पण कुणाच्या ओट्यावर जाऊन त्यांच्या पोरांना मराठीचं महत्त्व सांगू नका. आधी आपलं पोर कुठं आहे ते सांगा.

पायल आता बारा वर्षांची होईल. आईच्या हाताखाली ब्लाउजला हूक लावते, हात चांगला बसलाय म्हणे. शाळेत ती पुन्हा गेली नाही. ती घरीच आहे.